आबांचं पैंजण

१

सासरी आलेल्या नव्या सुनेला कुणी चुलीची धग ओळखायला शिकवतं, कुणी सासूचा राग. रोहिणीला पहिल्याच महिन्यात शिकावं लागलं ते सासऱ्याच्या पायात पैंजण बांधायला.

पैंजण हे नाव आबांनीच ठेवलेलं. खरं तर तो एक कातडी पट्टा होता आणि त्याच्यावर काडेपेटीएवढी काळी डबी बसवलेली होती. आबांना कंपवात होता. मुंबईच्या एका डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा पेणला येत, कंपवाताची माणसं तपासत, आणि ज्यांना परदेशातून आलेल्या नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या त्यांच्या घोट्याला ही डबी बांधत. पाऊल पडलं की डबीच्या आत काहीतरी आदळायचं आणि बारीक ‘टिक’ व्हायचं. महिन्यानं बाई ती डबी आपल्या यंत्राला जोडत, आणि यंत्रातून कागदाची लांबच लांब पट्टी निघे. आबांची महिन्याभराची चाल तिच्यावर बारक्या बारक्या टेकड्यांसारखी उमटलेली असे.

“उभा जल्म मिठागरात चिखल तुडवला,” आबा म्हणायचे. “पाय मिठानं फुटले, तवा कुनी इचारलं नाय का कान्हू कसा चालतो. आता दोन पावलं धड पडंनात, तं म्हणं कागदावर घ्या!” आणि मग थरथरता पाय पुढे करून, “बांध गो रोहिणी. घट बांध. नाचायचं हाय.”

“नाचा!” आतून सीताबाई, म्हणजे सासूबाई, ओरडायच्या. “पडलाव तं उचलाला मी नाय येयाची.”

घर पेणच्या पुढं कासूच्या अंगाला, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पुढं ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि अंगणाच्या टोकाला बांबूचं फाटक. प्रविण, रोहिणीचा नवरा, कंपनीत शिफ्टला जायचा. सीताबाई सकाळी भाजीची पाटी घेऊन पेणच्या बाजारात जायच्या त्या दुपार कलल्यावर परतायच्या. मधल्या वेळात घरात दोघंच, सासरा आणि सून. एकाला चालता येत नव्हतं आणि दुसरीला फारसं बोलता येत नव्हतं. त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. लग्नानंतर पहिल्या दिवशी सगळ्या घरानं रोहिणीला काय काय विचारलं होतं, पण “जेवलीस काय गो?” हे फक्त आबांनी विचारलं होतं. ते ती विसरली नव्हती.

आबांची चाल म्हणजे आधी काहीच नाही, आणि मग एकदम टिकटिकटिकटिक, उंदीर पळाल्यासारखी. उंबऱ्यापाशी आलं की पाय जमिनीला चिकटायचे. बाईंनी सांगितलं होतं की अशा माणसासमोर जमिनीवर आडव्या रेघा मारा, रेघ दिसली की पाय उचलतो. रोहिणीचा विश्वास बसला नव्हता, पण तिनं चुना कालवला आणि खाटेपासून ओटीपर्यंत वीत वीत अंतरानं रेघा ओढल्या. आबा पहिल्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. मग पाय उचलून त्यांनी ती ओलांडली. मग दुसरी.

“रुळावरच्या स्लीपरागत झालं गो हे,” ते म्हणाले.

रोहिणी हसली. ती रोह्याची, रेल्वेतल्या गँगमनची पोर. शाळेला रुळांमधूनच जायची. रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, स्लीपरवर स्लीपरवर पाऊल टाकत चालायची सवय इतकी मुरली होती, की सपाट जमिनीवरही ती तशीच चालायची. दोन पावलं आखूड आणि तिसरं लांब, एक स्लीपर गाळल्यासारखं. प्रविण म्हणायचा, तू येतेस ते मना पाठमोरा असलो तरी कळतं.

२

ज्येष्ठात आबा ओटीवर पडले. लागलं फार नाही, पण शेजारच्या कृष्णाबाई तेव्हा भाजी निवडत समोरच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. नुसतं पाहून न पाहिल्यासारखं करून खाली मान घातली. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. आबांनी त्या दिवसापासून खाट धरली. पट्टा रोज बांधला जाई आणि दिवसभर मुका राही.

पुढच्या खेपेला यंत्रातून पट्टी निघाली ती सपाट, मिठागराच्या तळासारखी.

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. चष्मा काढून, डोळे चोळून म्हणाल्या, “कान्हूबाबा, पुढच्या महिन्यातही असंच आलं तर गोळ्या मला दुसऱ्या कुणाला द्याव्या लागतील. चालण्यात फरक पडतोय की नाही, तेवढंच बघायची परवानगी आहे मला.”

फरक पडला होता, पण पायात नाही, हातात पडला होता. त्या गोळ्यांपासून आबा आपल्या हातानं भाकरी मोडून खायला लागले होते. त्याआधी वर्षभर सीताबाई त्यांना लहान मुलासारखं भरवत होत्या, आणि भरवताना दोघंही एकमेकांकडे बघत नसत. हातासाठी मात्र डबी नव्हती.

एसटीनं परत येताना आबा खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर, सीताबाई मागल्या दारी गेल्या तसं त्यांनी हळूच हाक मारली.

“रोहिणी, येक काम करशील?”

“काय आबा?”

“ते पैंजण तुज्या पायात बांध.”

रोहिणीला आधी ही थट्टाच वाटली. “अहो, तुमची चाल कुठं, माझी चाल कुठं!”

“चाल ती चाल. कागदावर नाव थोडंच उमटतं?” ते हसले नाहीत. “मना कुनी भरवलेलं नको गो. येवढंच.”

खोटेपणा होता खरा. पण कुणाच्या ताटातला घास ओढणारा नव्हता, असं तिनं स्वतःला समजावलं. गोळ्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाचा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. तो आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सासूची पाटी फाटकाबाहेर पडली तसा तिनं पट्टा आपल्या घोट्याला बांधला आणि वरून लुगड्याचा काठ सोडला. विहीर, चूल, गोठा, परत विहीर. टिक, टिक, आणि जरा थांबून टिक. आबा खाटेवरून ऐकत होते. डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर भजनाला बसल्यासारखं काहीतरी.

३

“वा! वा कान्हूबाबा!” डॉक्टरीणबाईंनी पट्टी दोन्ही हातांत ताणून धरली. “ही बघा, कशी डौलदार टेकडी. ही तर विशीतल्या माणसाची चाल झाली.”

रोहिणीच्या चालीचं जन्मात पहिल्यांदा कुणी कौतुक केलं होतं, आणि तेही सासऱ्याच्या नावावर. तिनं पदराआड हसू दाबलं. आबा थरथरत, गंभीर तोंड करून बसले होते. चांगलं सोंग वठवत होते.

“आणि दुपारी झोपत नाही वाटतं तुम्ही?” बाई पट्टीवरून बोट फिरवत म्हणाल्या. “जेवण झाल्यावर एवढं फिरता? रोज?”

रोहिणीचं हसू पदराआडच राहिलं.

दुपारी पट्टा घोट्याला काचायचा. जेवण झालं की ती तो सोडून माजघरातल्या खुंटीला अडकवायची आणि चटईवर अंग टाकायची. त्या वेळी तो कुणाच्याच पायात नसायचा.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “आबा, दुपारी तुम्ही काढून घेता का हो खुंटीवरनं?”

“मना खुंटीपावेतो जाता आलं असतं, तं तुज्या पायात कशाला बांधली असती?”

खरंच होतं. मग तिनंच उत्तर शोधलं. ती गँगमनची मुलगी होती. मालगाडी जाते तेव्हा रुळाकडच्या घरात काय काय हलतं ते तिला ठाऊक होतं. फळीवरची पितळी भांडी किणकिणतात, देव्हाऱ्यातली घंटा आपसूक वाजते. एवढीशी डबी का नाही टिकटिकणार? उत्तर चांगलं होतं. पेणहून घरी येईपर्यंत पुरलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चटईवर पडली, पण डोळे उघडे ठेवून.

पाऊस उघडला होता. माजघरात वरच्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक चौकोन चुन्याच्या रेघांवर पडला होता. मागल्या दारी कोंबडी माती उकरत होती. गाडी नव्हती. ना पेणकडून, ना कासूकडून. रूळ गप्प होते. त्यांचं गप्प असणं तिला लहानपणापासून ऐकू यायचं.

टिक. टिक. आणि जरा थांबून, टिक.

आधी तिला वाटलं पाल असेल. पण पाल एक स्लीपर गाळत नाही.

कुणी आपलाच आवाज टेपवर ऐकवला, की आधी ओळखू येत नाही आणि ओळखू आला की लाज वाटते. तसं तिला झालं. ती तिचीच चाल होती. विहिरीवर रिकामी कळशी घेऊन जातानाची, कुणी बघत नसतानाची चाल. ती चटईवर आडवी होती, आणि ती चाल खुंटीवर चालत होती.

ती उठली आणि डबी मुठीत घट्ट धरली. खाडीतल्या खेकड्याचं पिल्लू मुठीत धरावं तशी आतून ती बोटांना टोचत राहिली. थांबेना. तेव्हा तिची नजर खाटेकडे गेली.

आबा झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात शांत. गोधडीखाली त्यांचा पाय हलत होता. थरथरत नव्हता, थरथर तिला पाठ होती. हे पाऊल होतं. टाच, चवडा. टाच, चवडा. मग जरा थांबून एक लांब.

ऐकून ताल धरला असेल, ती मनाशी म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला झोपेतही ठेका ऐकू येतो. गावात भजन असलं की आबांच्या बोटांना आपोआप टाळ सापडायचा की. हेही उत्तर चांगलं होतं. फक्त आधी काय सुरू झालं, डबी की पाय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

डबी खुंटीला लावून ती परत वळली. तिचा उजवा पाय उचलला गेला, आणि डावा जमिनीलाच राहिला. क्षणभरच. मुंग्या आल्या असतील.

५

आबा उठून चालायला लागले, तेव्हा वाडीत पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. आधी खाटेपासून ओटीपर्यंत, रेघांवरून. मग ओटीवरून अंगणात. गोळ्या लागू पडल्या, असं प्रविण जो भेटेल त्याला सांगायचा. सीताबाईंनी गणपतीला नवस बोलून टाकला. कृष्णाबाई कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “कान्हूभाव, तुमी तं पोरीगत चालताव गो बाय!”

आणि रोहिणी उंबऱ्यात थांबायला लागली.

हातात ताट असे, आतून सासू हाक मारत असे, आणि पाय उंबऱ्याच्या अलीकडे रुतून बसत. पाय जड नसत, दुखतही नसत. फक्त आपले नसत. ती खाली बघायची. जोडवी घातलेली दोन पावलं, कुणीतरी तिथं काढून ठेवल्यासारखी. मग आबांसाठी ओढलेली चुन्याची रेघ दिसली, की पाय सुटायचा.

“काय गो, उंबरा सोडवत नाय?” प्रविण जेवता जेवता म्हणाला. “माहेराला जायाचंय काय? तिकडं फाटक हाय, हिकडं नाय.”

“नव्या सुनेला उंबऱ्यात उभं ऱ्हानं शोभत नाय,” सीताबाई म्हणाल्या. “येक तं आत ये, नाय तं भायेर जा.”

तिलाही तेच तर हवं होतं.

गणपती चार दिवसांवर आले. शेवटी एका दुपारी तिनं पट्टा आबांच्या खाटेवर ठेवला. तिला फार बोलता येत नसे, पण त्या दिवशी बोलली.

“आबा, मी आता नाही बांधत. तुम्हाला येतं की चालता. तुमच्या पायात बांधते.”

आबांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. बराच वेळ त्यांची नजर तिथंच होती. तेव्हा तिला कळलं की त्यांना माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे.

“माज्या पायात बांधलीस तं माजी चाल पुन्ना उंदरावानी पळंल,” ते हळूच म्हणाले. “बघितलं मी. तू आंघोळीला गेलीस तवा बांधून बघितलं.”

रोहिणीनं पट्टा खाटेवर आणखी पुढे सरकवला.

“पोरी, गनपती डोक्यावरून खाडीला न्यायचा मान माजा. माज्या बापानंतर मीच नेला. मागल्या साली परवीणनं नेला, आनि मी हितं खाटंवर, भिताडाकडं तोंड करून.” त्यांचा हात गोधडीवर फिरत राहिला. “विसर्जनापावेतो दे. येवढीच येक बारी. मग तुजं तुला. गनपतीच्या पाटावर हात ठेवून सांगतो.”

नाही म्हणायला तिच्याकडे सगळं होतं. फक्त, जेवलीस काय गो, असं विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. तिनं पट्टा उचलला आणि आपल्या घोट्याला बांधला. आबांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग लाजल्यासारखं तोंड फिरवलं.

६

गणपती आले. त्यांच्या मागून गौरीचा दिवस आला.

रोहिणीची ती सासरची पहिली गौर, म्हणून गौर तिनंच आणायची. रुळांच्या पलीकडच्या विहिरीवर तेरड्याची मुळासकट जुडी धुवायची, हळदकुंकू लावायचं, छातीशी धरायची आणि घरापर्यंत यायचं. तोंडात पाण्याची चूळ धरायची. घरात गौर टेकेपर्यंत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. इकडे कृष्णाबाईंनी तांदळाचं पीठ पातळ कालवून मुठीचे ठसे उमटवले होते. एक उजवा, एक डावा, वर बोटांचे ठिपके. फाटकापासून देव्हाऱ्यापर्यंत गौरीची पावलं, आत येणारी. सारवलेल्या अंगणात ती ओली, पांढरी दिसत होती.

संध्याकाळचा पिवळा उजेड होता. रोहिणी रूळ ओलांडून आली तेव्हा पाय व्यवस्थित पडत होते. स्लीपर होते ना. लुगड्याखाली डबी वाजत होती. मागून चार बाया गाणं म्हणत येत होत्या.

फाटकात ती थांबली.

दारातून सीताबाईंनी विचारलं, “गौर आली काय?”

“आली आली!” मागच्या बायांनी तिच्या वतीनं उत्तर दिलं.

“कशाच्या पायी आली?”

“सोन्याच्या पायी आली!”

“ये गो मग आत!”

पाय उचलेना. समोर पांढरी पावलं होती, रेघांसारखीच, एकापुढे एक. आजवर रेघ दिसली की पाय सुटायचा. आज नाही सुटला. बाया हसल्या. “लाजते गो!” कुणीतरी म्हणालं. कुणीतरी पाठीला हलकेच हात लावला.

आणि घोट्यावर डबी वाजतच होती. ती उभी होती, आणि टिक, टिक, जरा थांबून टिक. आधी शेणानं सारवलेल्या जमिनीवरचा आवाज. मग ओटीच्या फरशीवरचा. मग पायरी.

आबा दारातून बाहेर आले.

धोतर स्वच्छ, डोक्यावर टोपी. काठी नाही, कुणाचा हात नाही. गौरीच्या पावलांवर पाऊल ठेवत ते अंगणातून यायला लागले. पावलं आत येणारी होती, आबा बाहेर जात होते. दोन आखूड, एक लांब. सीताबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडायलाच लागल्या. कृष्णाबाईंनी बोटं मोडून दृष्ट काढली. “गौरीनं पाय दिलं गो! गौरीनं पाय दिलं!” सगळ्याजणी आनंदानं बोलत होत्या. आबांना अडवावं असं कुणाच्या मनात तरी का यावं?

रोहिणीच्या मनात आलं. तिनं त्यांचा चेहरा पाहिला. चेहरा आबांचा होता, पण तो खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होता. बैलगाडीत बसलेला माणूस बैलांकडे बघतो तसा. भीती होती का त्यात? तिला आजही सांगता येत नाही. आनंदही होता. तोही खोटा नव्हता.

तिच्याजवळून जाताना ते पुटपुटले, “येतो गो, रोहिणी.”

घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो, आणि घरातल्यानं ‘या’ म्हणायचं असतं. त्यात विशेष काही नाही. कुणीही म्हणतं. तिच्या तोंडात चूळ होती. ती थुंकून टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण चार बाया बघत होत्या, सासू बघत होती, छातीशी गौर होती, आणि पहिलंच वर्ष होतं. ती गप्प राहिली. आबा फाटकातून बाहेर पडले.

मागं वळून बघायचं नव्हतं. तिनं ऐकलं. घोट्यावर चिखलातली पावलं. मग रुळाच्या भरावावरची खडी. मग एक सारखा, पोकळ आवाज. तो आवाज तिनं शाळेची सगळी वर्षं ऐकला होता. स्लीपर. एक, दोन, एक गाळून. एक, दोन, एक गाळून. रेघाच रेघा, रोह्यापर्यंत. आता त्यांना कुठं थांबायचं कारणच नव्हतं.

पेणकडून गाडीची शिटी आली.

तेव्हा तिनं मान वळवली. भरावावर, मावळत्या उजेडात, एक पाठमोरी आकृती कासूच्या दिशेनं चालली होती. धोतर, टोपी. आणि त्यांच्या खाली, कुणीतरी दप्तर पाठीला लावून शाळेला निघावं तशी ती चाल. मग मधे गाडी आली, आणि डबे एकामागून एक जात राहिले.

गाडी गेल्यावर भरावावर कुणी नव्हतं. चूळ तिच्या हनुवटीवरून ओघळत होती, केव्हा सुटली तिला कळलं नाही. घोट्यावर डबी वाजत होती.

७

रुळांवर काही सापडलं नाही. प्रविण आणि वाडीतली माणसं कंदील घेऊन नागोठण्यापर्यंत शोधून आली. गाडीच्या ड्रायव्हरनं कुणाला पाहिलं नव्हतं. कासूच्या रेल्वे फाटकावरच्या माणसानं मात्र सांगितलं, एक म्हातारबुवा गेले खरे, मस्त चालीत. हाक मारली तर हात वर केला, पण थांबले नाहीत. थांबायचं होतं असं मात्र वाटलं, तो म्हणाला.

सकाळी अंगण सारवण्याआधी रोहिणी एकटीच फाटकापाशी गेली. कृष्णाबाईंनी काढलेली पावलं आबांच्या पायाखाली पुसटली होती. ओल्या पिठात पाय बुडाले होते, त्यामुळे फाटकाबाहेर त्यांची स्वतःची पावलंही चार-सहा उमटली होती. आबांची पावलं मिठागरानं रुंद केलेली, बोटं फाकलेली. ही तशी नव्हती. निमुळती होती, लहान होती. आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली जोडव्याचा गोल ठसा होता.

तिनं त्यावर शेणाचा हात फिरवला. सासूला दिसायला नको.

गणपती प्रविणनं डोक्यावरून नेला.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, डबी आबांच्याच पायात होती. बाईंनी मान हलवली, डोळे पुसले, आणि गोळ्यांची बाटली परत घेतली. ती कुणाला तरी लागू पडणार होती.

डबी रोहिणीच्या ट्रंकेत होती, लग्नाच्या शालूच्या घडीत. आतला सेल महिना-दीड महिना टिकतो, असं बाई म्हणाल्या होत्या. दिवाळी गेली, शिमगा आला. दुपारी सीताबाई बाजारात असल्या की ती ट्रंकेला कान लावून बसायची. टिक, टिक, जरा थांबून टिक. कधी खडीवरची, कधी वाळूवरची, कधी आवाज न करणारी, गवतातली. कुठं चालले असतील ते तिला कळत नसे. थकले असतील, एवढं कळत असे. लांब पाऊल दिवसेंदिवस आखूड होत होतं, पण थांबत नव्हतं. थांबायचं कसं, ते त्या पायांना तिनं कधी शिकवलंच नव्हतं. ते आबांना येत होतं, आणि आता तिला.

ती उंबऱ्यात उभी राहायची. घरानं ते स्वीकारलं. प्रविण थट्टा करायचा थांबला. महिन्याच्या महिन्याला तो चुना कालवून रेघा ताज्या करायचा, काही न विचारता. रोज दिवेलागणीला ती तांदळाच्या पिठाची पावलं काढायची, फाटकापासून आत. गौरीचे दिवस नसताना. शेजारणी म्हणायच्या, पोरीच्या मनावर परिणाम झाला.  एकदा सीताबाईंनी न बोलता पिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

पावलं काढून झाली की रोहिणी फाटकाकडे तोंड करून ‘या’ म्हणायची. तोंडात पाणी नसताना, मोठ्यानं, चांगलं ऐकू जाईल असं. आणि उंबऱ्यात पाय रुतले की तिला बरं वाटायचं. रुतलेत, म्हणजे तिकडे आबा चालताहेत. रुतलेत, म्हणजे अजून आहेत.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. दुपारी ऊन पडलं म्हणून वाळवणाचं सूप घेऊन ती बाहेर आली. तुळशीपाशी सूप ठेवलं, कोंबड्यांना हुसकलं, घाम पुसला. पावसानं ओटीवरच्या रेघा कधीच धुऊन गेल्या होत्या, प्रविणला आज सांगायला हवं, असं मनात आलं. तिनं मागं वळून पाहिलं.

ओटी. पायरी. उंबरा. त्यावर एकही रेघ नव्हती.

ती तुळशीपाशी उभी होती, आणि उंबऱ्यात ती थांबली नव्हती.

आत, माजघरात, ट्रंक होती. जाऊन कान लावायचा तेवढाच बाकी होता. पाय मोकळे होते, हलके होते, आणि पूर्वीसारखे तिचे होते. चार पावलांचं अंतर. ती गेली नाही. दिवेलागण होईपर्यंत ती अंगणातच बसून राहिली. मग सीताबाईंनी पिठाची वाटी आणून दिली तशी उठून तिनं पावलं काढली, फाटकापासून आत, एक उजवं, एक डावं.

काढून झाल्यावर ती फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. तोंडात पाणी नव्हतं. तरी तिला ‘या’ म्हणता आलं नाही.